बिब्ब्याचा डाग

मावळ तालुक्यातील उर्से हे गाव आज बहुतेक प्रवाशांना तेथील टोलनाक्यामुळे ठाऊक झाले आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि तळेगाव दाभाड्याजवळचे हे शांत गाव दोन महानगरांच्या वाटेवर येऊन उभे राहिले. परंतु रस्ता येण्यापूर्वी कित्येक शतके ह्या भागातील माणसाचा खरा शेजार होता तो रानाचा. पश्चिमेस लोणावळा-खंडाळ्याचे पावसाने झोडपलेले दाट जंगल, पूर्वेस पुण्याकडे उतरत जाणारे कोरडे माळ, आणि मध्ये भाताची खाचरे, अशी मावळाची ठेवण आहे. सरपणाला, चाऱ्याला, औषधाला व आठवड्याच्या बाजारात विकायच्या रानमेव्याला माणसाला ह्याच रानात जावे लागे. हे रान देई पुष्कळ, पण कधी कधी हातापायांवर, तोंडावर आणि पापण्यांवर आपली खूणही उमटवी.

ह्या खुणांना मराठी भाषेने जी नावे दिली आहेत त्यांकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. खाजकुइली ‘लागते’. आग्याचा ‘चटका बसतो’. शेराचा चीक ‘उडतो’. परंतु बिब्बा मात्र ‘उततो’. दूध तापून उतू जावे तशी कातडी आतून फुगून वर येते, तिच्यावर पाण्याने भरलेले फोड उठतात, आणि हे सारे स्पर्शाच्या क्षणी न होता बहुधा एक-दोन दिवसांनी होते. कोण्या अज्ञात खेडुताने ही क्रियापदे वेगवेगळी योजिली तेव्हा त्याने नकळत एक वैद्यकीय वर्गीकरणच करून ठेवले. कारण आज असे सिद्ध झाले आहे की ह्या चार वनस्पतींचा उपद्रव दिसायला जवळजवळचा असला तरी त्याची कारणे निरनिराळी आहेत, आणि म्हणून त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. एकीचा उपाय दुसरीवर केला तर रोग्याचा त्रास वाढतो. हा प्रश्न भाषेच्या गमतीपुरता उरत नाही तो ह्यामुळेच.

बिब्ब्याचे झाड पानझडी रानात वाढते. त्याचे फळ मोठे चमत्कारिक असते. खाली नारिंगी रंगाचा मांसल भाग आणि त्याच्या टोकाला बसवलेली काळी, चकचकीत, हृदयाच्या आकाराची बी. मांसल भाग वाळवून ‘बिब्ब्याची फुले’ म्हणून खातात. बीच्या आतील गर म्हणजे गोडंबी. ती थंडीच्या लाडवांत व बाळंतिणीच्या खुराकात पडते. खाण्याचे हे दोन भाग अगदी निरुपद्रवी आहेत. त्यांच्यामध्ये जी टरफलाची भिंत आहे तिच्या पोकळ्यांत मात्र एक दाट रस साठलेला असतो. हवा लागताच तो काळा पडतो, आणि सारा अनर्थ त्याच्या पोटात आहे. गोडंबी काढायची म्हणजे हे टरफल फोडावेच लागते. विदर्भ-मराठवाड्यात ज्या स्त्रिया रोजंदारीवर बिब्बे फोडतात त्यांच्या बोटांवरचे काळे चट्टे व भाजल्यासारखे व्रण ह्यांची किंमत लाडू खाणाऱ्याच्या हिशेबात धरलेली नसते.

आयुर्वेदाने ह्या झाडाला ‘भल्लातक’ म्हटले आणि त्याच्याशी मोठ्या आदराने, पण सावधपणे व्यवहार केला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात भल्लातकाचे अनेक प्रयोग दिले आहेत. ते अग्नीसारखे तीक्ष्ण व पाक उत्पन्न करणारे आहे, तथापि विधिपूर्वक योजल्यास अमृततुल्य ठरते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. विधिपूर्वक म्हणजे काय, हेही तेथे सांगितले आहे. औषध घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप माखावयाचे, म्हणजे ओठ, टाळू व जीभ पोळत नाहीत. पुढील काळातील वैद्य बिब्बे विटेच्या चुऱ्यात घोळून त्यातील तेल शोषवून घेत व मगच औषधात वापरीत, आणि हे काम करताना हातांना खोबरेल चोळून घेत. सुश्रुताने कल्पस्थानात स्थावर विषांची मोजदाद करताना त्यांची दहा आश्रयस्थाने सांगितली आहेत. मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, गाभा, डिंक, धातू आणि कंद ही ती होत. एकाच झाडाच्या एका भागात विष आणि दुसऱ्या भागात अन्न असू शकते हे ज्यांनी ओळखले होते, त्यांना बिब्ब्याचा स्वभाव समजण्यास अडचण पडली नसावी.

अरबांनी हे फळ ‘बलाधुर’ ह्या नावाने आपल्या वैद्यकात घेतले. स्मरणशक्ती वाढवणारे म्हणून त्याची तिकडे ख्याती होती. नवव्या शतकातील प्रसिद्ध इतिहासकार अल्-बलाधुरी ह्याचे नावच ह्या फळावरून पडले. त्याने किंवा त्याच्या आजोबाने बुद्धीसाठी बिब्ब्याचा रस इतका प्याला की अखेर भ्रम झाला, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, एका इतिहासकाराला बिब्ब्याचे नाव चिकटावे हा योगायोग मोठा बोलका आहे. बिब्ब्याचा डाग खरोखरच सहजासहजी जात नाही.

गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा वनौषधींवरील संवादरूप ग्रंथ छापला गेला. भारतात छापलेल्या अगदी प्रारंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्यातील एक संवाद ‘अनाकार्दो’वर, म्हणजे बिब्ब्यावर आहे. हृदयासारख्या आकारावरून युरोपियनांनी दिलेले हे नाव पुढे एका विचित्र प्रकाराने दुसऱ्याच झाडाकडे गेले. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू गोव्यात व कोकणात रुजला, आणि १७५३ साली लिनियसने ‘अनाकार्डियम’ हे कुलनाम काजूला देऊन टाकले. बिब्ब्यासाठी मग लिनियसच्या मुलाने ‘सेमेकार्पस’ असे नवे नाव घडवले. त्याचा अर्थ ‘खुणेचे फळ’. नावांची ही अदलाबदल वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अगदीच अस्थानी नव्हती. बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही एकाच कुळातली झाडे आहेत. काजूच्या बोंडाखालच्या बीच्या टरफलातील तेल हात सोलवटते, आणि आंब्याचा चीक ओठांच्या कडेला लागून कित्येकांच्या तोंडावर पुरळ उठते, ह्याचे मूळ ह्या नात्यात आहे. ज्याला बिब्बा एकदा उतला त्याने काजूच्या टरफलापासून व आंब्याच्या चिकापासून जपून राहावे ते ह्याच कारणाने.

‘खुणेचे फळ’ हे नाव पडले ते परटांमुळे. गावोगावचे कपडे एकत्र धुणाऱ्या परटाला कोणता सदरा कोणाचा हे ओळखण्यासाठी न पुसणारी शाई हवी असे. बिब्ब्यात टाचणी टोचून तिच्या टोकावरचा रस कापडाच्या कोपऱ्यावर लावायचा आणि वर थोडा चुना फासायचा, की काळी खूण कायमची उमटते. साबणाने ती जात नाही. परंतु कापडावर बसलेली ही खूण कधी कधी ते कापड अंगात घालणाऱ्याच्या कातडीवरही बसे. मानेच्या मागे, कंबरेला, जेथे कपड्याची खूण अंगाला घासते नेमक्या त्याच जागी खाज सुटे, पुरळ येई, आणि रोग्याला त्याचे कारण काही केल्या उमगत नसे.

हे कारण जगाच्या वैद्यकात ठळकपणे नोंदले गेले ते दुसऱ्या महायुद्धात. हजारो ब्रिटिश व अमेरिकी सैनिक भारतात आले आणि त्यांचे गणवेश देशी परटांकडे धुण्यास जाऊ लागले. अशा सैनिकांच्या अंगावर कपड्याच्या खुणेशी नेमके जुळणारे चट्टे उठलेले डॉक्टरांना दिसले. १९४३ साली ब्रिटन व अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकांत ‘धोबीखुणेचा त्वचादाह’ ह्या मथळ्याचे लेख प्रसिद्ध झाले. त्याआधीपासून इंग्रजीत ‘धोबी इच्’ असा एक शब्द रूढ होता. पण त्या नावाखाली बहुधा जांघेतील गजकर्ण, म्हणजे बुरशीपासून होणारा रोग, ओळखला जाई. त्याचा बिब्ब्याशी काही संबंध नाही. दोन अगदी वेगळ्या रोगांचा दोष एकाच परटाच्या माथी मारला गेला, आणि त्यातला एक तर निव्वळ निराधार होता.

आता रसातील विष कोणते, ते पाहू जाता गोष्ट जपानपर्यंत पोहोचते. जपानी लोक भांड्यांवर जो चकचकीत रोगणाचा लेप देतात तो बिब्ब्याच्याच कुळातील एका झाडाच्या चिकापासून करतात, आणि ते काम करणाऱ्यांची कातडी तशीच उतते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत रिको माजिमा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्या चिकातील द्रव्य वेगळे करून त्याची रचना उलगडली. जपानी भाषेत ह्या रोगणाला ‘उरुशी’ म्हणतात, म्हणून त्या द्रव्याला ‘उरुशिओल’ असे नाव पडले. अमेरिकेतील ‘पॉयझन आयव्ही’ ह्या कुप्रसिद्ध वेलीतही त्याच जातीचे द्रव्य आढळले. भारतात पिल्ले व सलीमुझ्झमान सिद्दीकी ह्यांनी १९३१ साली बिब्ब्याच्या रसाचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य द्रव्य ‘भिलावनॉल’ ह्या देशी वळणाच्या नावाने शास्त्रात ओळखले जाते, आणि तेही उरुशिओलचेच भावंड आहे. मावळातील गुराखी, कोकणातील काजूवाली, क्योतोचा रोगणकार आणि अमेरिकेतील शिकारी हे एकाच प्रकारच्या विषाने पोळले जातात.

परंतु रसायनशास्त्राने अर्धाच प्रश्न सुटतो. एकाच घरातील दोन भावांनी बिब्बा हाताळला तर एकाचे हात सुजतात आणि दुसऱ्याला काही होत नाही. एखादा वैदू वीस वर्षे बिब्बे विकतो आणि एकविसाव्या वर्षी त्याचे तोंड एकाएकी सुजून येते. गावात अशा प्रसंगी कोणाची नजर लागली, कोणाचा कोप झाला, अशी चर्चा चाले. गंमत अशी की नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरचीबरोबर दाराला जो टांगावयाचा तोही बिब्बाच! ह्या कोड्याचे उत्तर शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे. बिब्ब्याचा रस पुष्कळ लागला तर तो कोणालाही भाजतोच. पण अत्यल्प रसाने जी कातडी उतते ती रसाने जळालेली नसून शरीराने त्या रसाविरुद्ध पुकारलेल्या लढाईत होरपळलेली असते. पहिल्या स्पर्शात रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी त्या द्रव्याची ओळख लक्षात ठेवतात. ह्याला साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात, आणि कित्येकांत ही ओळख पटायला वर्षे जातात. एकदा ती पटली की पुढच्या प्रत्येक वेळी एक-दोन दिवसांत सैन्य धावून येते. यादासोन ह्या डॉक्टराने १८९५ साली संशयित द्रव्य पाठीवर चिकटवून पाहण्याची चाचणी दाखवून दिली, आणि १९४२ साली लँडस्टायनर व चेस ह्यांनी ही संवेदनशीलता पेशींच्या द्वारे एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात नेता येते हे सिद्ध केले. तेव्हापासून कोपाचा व नजरेचा प्रश्न शास्त्रापुरता तरी निकालात निघाला.

बिब्ब्याचा इतिहास येथे संपता तर बरे झाले असते. पण माणसाच्या हाती आलेले प्रत्येक द्रव्य कधी ना कधी कोर्टात उभे राहते. भांडणात मार लागला असा बनाव करावयाचा असेल तर मांडीवर किंवा दंडावर बिब्ब्याचा रस लावून घ्यावयाचा, म्हणजे काळानिळा वळ उठतो, ही युक्ती देशात सर्वत्र ठाऊक होती. अशा खोट्या वळावर एखादा निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकला असता. डॉ. जयसिंग मोदी ह्यांच्या न्यायवैद्यकावरील ग्रंथाची पहिली आवृत्ती १९२० साली निघाली, आणि पुढे भारतातील डॉक्टर-वकिलांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या. खरा वळ आणि बिब्ब्याचा वळ ह्यांतील भेद त्यात दिलेला आहे. मुक्या माराने आलेला वळ दिवसागणिक रंग बदलतो. तांबड्याचा निळा, निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होत तो मावळतो. बिब्ब्याचा वळ तसे रंग बदलीत नाही. त्याच्या कडेला बारीक फोड असतात, त्याला खाज असते, आणि तो नेमका अशा जागी असतो जेथे फिर्यादीचा स्वतःचा हात सहज पोहोचतो. सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे फिर्यादीची बोटे. खाजवल्यामुळे त्यांच्यावरही तेच फोड उठलेले दिसतात. ‘बिब्बा घालणे’ ह्याचा मराठीत जमत आलेल्या कार्यात विघ्न आणणे असा अर्थ रूढ आहे. ह्या खटल्यांत मात्र बिब्बा घालणाऱ्याच्याच कामात बिब्बा पडे.

उपचारांकडे वळले असता जुन्या घरगुती रीतींत काय टिकते आणि काय टिकत नाही हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. बिब्बा हाताळण्यापूर्वी हातांना खोबरेल किंवा तिळाचे तेल चोळावे, ही रीत उत्तम होय. तेलाचा थर रसाला कातडीत शिरू देत नाही. परंतु रस लागल्यावर त्यावर तेल चोळीत बसावे, ही समजूत घातक ठरू शकते. हा रस पाण्यात विरघळत नाही पण तेलात विरघळतो, म्हणून चोळलेले तेल त्याला अंगभर पसरवते. रस लागताच पहिल्या काही मिनिटांत भरपूर पाणी व साबण घेऊन ती जागा पुन्हा पुन्हा धुवावी, नखे साफ करावीत, कपडे, कोयता व दोरही धुवावेत. औजारावर वाळून राहिलेला रस दीर्घकाळ उपद्रव देतो. फोड उठल्यावर त्यांतील पाण्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे. फोडांत रस नसतो, रोग्याच्याच शरीरातील लस असते. नवे फोड एकामागून एक येत राहतात ते कातडी कोठे पातळ व कोठे जाड असते, रस कोठे कमी व कोठे अधिक लागलेला असतो, म्हणून.

तीळ-खोबरे खाण्याला, ताकाने किंवा कोथिंबिरीच्या रसाने थंडावा आणण्याला फारसा आक्षेप घेण्याचे कारण नाही. गार ओल्या पट्ट्यांनी दाह कमी होतो हे आजचे डॉक्टरही मानतात. मात्र फुटलेल्या फोडांवर शेण, चुना किंवा रानातला कोणताही ओला पाला बांधणे म्हणजे जखमेत पू होण्यास आमंत्रण देणे होय. जोरदार दाहावर खरा इलाज हाती आला तो १९५२ नंतर. त्या वर्षी सुल्झबर्गर व विटन ह्यांनी हायड्रोकॉर्टिझोनचे मलम कातडीच्या दाहावर उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले. तोंड, डोळे किंवा गुप्तेंद्रिये सुजली, अथवा अंगाचा मोठा भाग उतला, तर पोटातून त्याच वर्गाची औषधे द्यावी लागतात आणि ती दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करीत न्यावी लागतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून औषध सोडणाऱ्याचा दाह पुन्हा उसळतो. तान्ह्या मुलांना पोटदुखीवर किंवा सर्दीवर बिब्ब्याचा चटका देण्याची जी चाल आहे तिचे समर्थन कोणत्याही शास्त्राने होत नाही. मुलाची कोवळी कातडी खोलवर भाजते आणि आधीचा रोग तसाच राहतो.

खाजकुइलीची गोष्ट अगदी वेगळी. ह्या वेलीच्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी, मखमलीसारखी लव असते. वाऱ्याने किंवा धक्क्याने ती उडून अंगावर बसते आणि क्षणात असह्य खाज सुटते. येथे प्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही, म्हणून ती कोणालाही सोडत नाही. लवेत एक पाचक द्रव्य असते आणि तेच मज्जातंतूंना चेतवते, असे १९५५ साली शेली व आर्थर ह्यांनी दाखवले. येथे उपाय एकच, लव काढून टाकणे. खाजवू नये, चोळू नये. चिकटपट्टी लावून उपटावी, मग धुवावे. आग्या, खाजकोलती ह्यांच्या पानांवर काट्यासारखे बारीक केस असतात व ते टोचताच दाहक द्रव्य कातडीत सोडतात. त्यांचा चटका मोठा भयंकर वाटतो, पण बहुधा काही वेळाने आपोआप ओसरतो. शेताच्या कुंपणाला लावलेल्या शेराचा पांढरा चीक मात्र हलक्याने घेऊ नये. तो डोळ्यात उडाला तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहून दवाखाना गाठावा. त्यात दिरंगाई झाली तर दृष्टीला इजा पोचू शकते.

ह्या सर्व वनस्पतींचा शास्त्रशुद्ध अभ्यास मराठी माणसांत ज्यांनी मनापासून केला त्यांत कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. सैनिकी वैद्यकीय सेवेतील ह्या डॉक्टराने १८९२ च्या सुमारास ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात ‘मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पती’ अशा विषयावर लेखमाला सुरू केली. पुढे मेजर बसू ह्यांच्यासह त्यांनी केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ साली, बाहेर आला. हेच कीर्तिकर मराठी कवी होते, टेनिसनच्या एका काव्याचे त्यांनी ‘इंदिरा’ ह्या नावाने रूपांतर केले होते, आणि १९०९ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. विषारी वनस्पतींचा शास्त्रज्ञ साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी बसावा, हा काळ आता पुन्हा यावयाचा नाही.

कीर्तिकरांनी वा त्यांच्या समकालीनांनी जी वनस्पती पाहिली नसावी ती मात्र आज मावळात सर्वांत अधिक त्रास देते. थिओडोर कुक ह्यांनी १९०१ ते १९०८ च्या दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो प्रमाणग्रंथ प्रसिद्ध केला त्यात गाजरगवताची नोंद नाही. पुण्यातील उकिरड्यांवर ही वनस्पती १९५१ साली प्रा. परांजपे ह्यांना दिसल्याचे सांगितले जाते. भारतातील नवी वनस्पती म्हणून तिची पुण्याहून झालेली नोंद रा. स. राव ह्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. पाने गाजरासारखी म्हणून गाजरगवत. पांढऱ्या बारीक फुलांमुळे चटकचांदणी. आणि काँग्रेस गवत हे नाव कोणी टोप्यांवरून लावतात, कोणी सरकारवरून. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून त्याचे बी आले, ही समजूत आजही सर्वत्र आहे. परंतु तारखा पाहिल्या पाहिजेत. ‘पी. एल. ४८०’ कायद्याखालचा पहिला करार भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये केला, आणि गवत त्याआधीच पुण्यात उगवलेले होते. १९५१ साली अमेरिकेकडून कर्जाऊ मिळालेला गहूही आला होता हे खरे, पण तेवढ्यावरून गुन्हा शाबीत होत नाही. गवत मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे आहे एवढे मात्र निर्विवाद आहे.

ह्या गवताच्या केसाळ पानांत व फुलांत ‘पार्थेनिन’ नावाचे द्रव्य असते. १९५९ साली हर्झ व वातानाबे ह्यांनी ते वेगळे केले. झाड सुकले की त्याचा चुरा धुळीबरोबर हवेत उडतो आणि न शिवताही माणसाला गाठतो. प्रथम पापण्या, कपाळ, मान, कोपराच्या खोबणी लाल होतात. वर्षे गेली की चेहऱ्याची कातडी जाड व सुरकुतलेली होऊन रोगी ओळखू येईनासा होतो. लोणकर, मिचेल व कॅल्नन ह्यांनी १९७४ साली ह्या रोगाचे जे वर्णन प्रसिद्ध केले त्यानंतर जगाचे लक्ष इकडे वळले. रोगी बहुधा शेतावर काम करणारे मध्यम वयाचे पुरुष असतात. बिब्ब्याच्या रोग्याला बिब्ब्याला शिवू नकोस म्हणून सांगता येते. पण गाजरगवताच्या रोग्याला सांगावयाचे काय? शेताला जाऊ नकोस, बांधावर उभा राहू नकोस, श्वासाची हवा बदल? उर्स्याच्या शिवारातील माणसाला मोठ्या रस्त्याच्या कडेची उकरलेली माती, गावाभोवतालच्या पडीक जागा आणि खाचराचे बांध हे सारे ह्या गवताचे आवडते ठिकाण असल्यामुळे त्याच्या रोजच्या भाकरीच्या वाटेवरच ते उभे आहे. स्टिरॉइड मलमे काही दिवस आराम देतात, पण वर्षानुवर्षे चेहऱ्यावर लावली तर कातडी पातळ करतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ जुनाट रोग्यांना अझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रक्ताच्या नियमित तपासण्यांच्या देखरेखीखाली देतात. शेवंती व सूर्यफूल ही गाजरगवताच्याच कुळातील असल्याने अशा रोग्याला त्यांचाही उपद्रव होऊ शकतो.

एका झाडाला हजारो बिया येतात, म्हणून उपटणी करावयाची ती फुले येण्यापूर्वी, पावसाच्या पहिल्या आठवड्यांत, आणि हातमोजे व लांब बाह्या घालून. ज्याला एकदा हा रोग झाला त्याने ते काम करूच नये. मेक्सिकोहून आणलेले, गाजरगवताचीच पाने खाणारे लहान भुंगेरे १९८४ साली बंगळूरजवळ प्रथम सोडण्यात आले व ते हळूहळू पसरले. ते कोरडा उन्हाळा जमिनीत दडून काढतात आणि पाऊस पडला की वर येतात. त्याच सुमारास मावळातही गवताचा नवा कोंब माती फोडून वर आलेला असतो.